भिंतींतील वातानुकूलन यंत्र आणि घनसावंगीचा उन्हाळा

गेल्या चैत्रांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांकडे आले. ते घनसावंगीचे राहणारे. दोन एकर मोसंबी, थोडी कपाशी आणि एक लहानसें किराणा दुकान असा त्यांचा प्रपंच. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस आदल्या उन्हाळ्यांत ऊन लागून तीन दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें, आणि पुढील वर्षीं दुपारच्या वेळीं त्यांस थंड जागीं ठेवा असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. मृग बहाराच्या मोसंबीचे पैसे हातीं येतांच आजींच्या खोलीसाठीं त्यांनीं दीड टनाचें वातानुकूलन यंत्र घेतलें, व तें कोणत्या भिंतींत बसवावें एवढेंच विचारावयास ते आले होते. विज्ञान शिकविणाऱ्यास हें ठाऊक असावयाचेंच, असा त्यांचा भाबडा समज. आम्हीं कागदावर घराचा नकाशा काढविला आणि मोठ्या आत्मविश्वासानें बोट ठेविलें तें ओसरीमागील झांकलेल्या बोळाच्या भिंतीवर. यंत्राची पाठ सावलींत राहील, पावसांत भिजणार नाहीं, आणि ऊन न लागल्यामुळें तें अधिक गारवा देईल, असा आमचा युक्तिवाद होता.

तीन आठवड्यांनीं ते पुन्हां आले. “गुर्जी, मशीन तर गरगर फिरतंय, पण खोलीत गारवा काय न्हाई. बोळीत मात्र भट्टी पेटल्यावानी झालंय.”

या शेवटल्या वाक्यांत साऱ्या दोषाचें निदान होतें, आणि तें यंत्र विकणाऱ्याच्या नव्हे तर आमच्या पदरीं पडणारें होतें. सुटीचे दिवस असल्यानें आम्ही चार विद्यार्थी व दोन उष्णतामापक बरोबर घेऊन घनसावंगीस गेलों. तेथें जें पाहिलें व जें आम्हांस आधींच कळावयास हवें होतें, तें येथें सांगत आहों. कारण अशीं यंत्रें आतां आपल्या तालुक्याच्या गांवांतूनही घरोघर येऊं लागलीं आहेत, व त्यांसाठीं भिंत फोडण्यापूर्वीं पालकांनीं दोन गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

या यंत्राविषयीं सर्वसाधारण कल्पना अशी आहे कीं त्यांत कोठें तरी थंडी तयार होते आणि पंखा ती खोलींत ढकलतो. ही कल्पना मुळांतच चुकीची आहे. थंडी ही कांहीं निराळी वस्तु नव्हे. उष्णता कमी होणें हीच थंडी. यंत्र करतें तें इतकेंच कीं खोलींतील उष्णता उचलून भिंतीपलीकडे नेऊन टाकतें. ज्या मुलांनीं मोट पाहिली नसेल त्यांनीं आपल्या आजोबांस विचारावें. पाणी आपण होऊन उतारानें खालीं जातें. तें विहिरींतून वर आणावयाचें तर बैलांस राबावें लागतें. उष्णतेचेंही असेंच आहे. ती आपण होऊन तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. वैशाखांतल्या दुपारीं खोलींत 28 अंश आणि अंगणांत 42 अंश असतांना खोलींतील उष्णता अंगणांत न्यावयाची, म्हणजे ती चढावर नेणें झालें. आणि त्यासाठीं कोणी तरी राबलें पाहिजे. यंत्रांतला कॉम्प्रेसर हा तो बैल होय. मोट वर आली कीं थारोळ्यांत रिकामी होते आणि पाणी पाटानें वाहून जातें. पण पाटाचें तोंडच बुजविलें तर थारोळें भरेल आणि पाणी परत विहिरींत पडेल. बैल दिवसभर राबतील व मळा कोरडाच राहील. घनसावंगीच्या त्या घरांत नेमकें हेंच घडलें होतें.

आतां ही उष्णतेची मोट कशाची असते तें पाहूं. हातावर थोडें स्पिरिट ओतून फुंकर घातली तर हात गार होतो. कारण द्रवाची वाफ होतांना तो आसपासची उष्णता ओढून घेतो. माठांतील पाणी याच न्यायानें थंड होतें. यंत्राच्या नळ्यांत असा एक पदार्थ भरलेला असतो कीं त्याची वाफ होण्यास फारच कमी तापमान पुरावें. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत आर-32 नांवाचा जो वायु असतो, तो नेहमींच्या हवेच्या दाबाखालीं शून्याखालीं 52 अंशांवरच उकळतो. यंत्रांत त्याच्यावर दाब ठेविलेला असल्यामुळें तो आंतल्या बाजूच्या वेटोळ्यांत साधारणतः 5 ते 10 अंशांवर उकळतो. खोलींतील हवा पंख्यानें त्या वेटोळ्यावरून फिरविली जाते, तिची उष्णता घेऊन द्रवाची वाफ होते, आणि हवा गार होऊन परत खोलींत येते. ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेऊन दाबतो. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तशीच ही दाबलेली वाफ बाहेरच्या हवेहूनही अधिक तापते. मग ती पाठीमागील वेटोळ्यांत जाते, दुसरा पंखा तिच्यावर बाहेरची हवा मारतो, आणि आपली उष्णता त्या हवेस देऊन तिचा पुन्हां द्रव होतो. शेवटीं केसासारख्या बारीक तांब्याच्या नळींतून जातांना त्याचा दाब एकदम उतरतो, तो गार होतो, व पुन्हां आंतल्या वेटोळ्यांत कामाला लागतो.

या फेऱ्यांत वायु कोठेंच खर्च होत नाहीं. “गॅस संपला, भरावा लागेल,” असें सांगणारा मिस्त्री दारीं आला तर पालकांनीं त्यास आधीं विचारावें कीं बाबा, तो गेला कोठून? वायु कमी झाला याचा अर्थ नळीस कोठें तरी छिद्र पडलें आहे. तें शोधून बुजविल्याशिवाय नवा वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

दुकानदार एक टन, दीड टन म्हणतो तें यंत्राचें वजन नव्हे, हेंही येथेंच सांगून टाकतों. एक अमेरिकन टन, म्हणजे 2,000 पौंड अथवा सुमारें 907 किलो बर्फ 24 तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता उचलण्याची शक्ति म्हणजे एक टन. दहावीच्या मुलांनीं गणित करून पाहावें. एक किलो बर्फ वितळण्यास 80 किलोकॅलरी लागतात. 907 ला 80 नें गुणून 24 नीं भागिलें कीं ताशीं सुमारें 3,023 किलोकॅलरी येतात, आणि हे झाले साडेतीन किलोवॅट. बर्फाचें हें माप उगीच चालत आलेलें नाहीं. यंत्रें निघण्यापूर्वीं गारवा विकत घ्यावयाचा तो बर्फाच्याच रूपानें. 1834 सालीं तर अमेरिकेंतून गलबतानें आलेला बर्फ मुंबईच्या बंदरांत उतरला होता! तळ्यांतून कापलेल्या व भुशांत गुंडाळलेल्या लाद्या विषुववृत्त दोनदां ओलांडून आल्या आणि तरीही पुष्कळशा शिल्लक राहिल्या. उष्णतेस अडवून धरण्याची भुशाची शक्ति केवढी, याचा हा उत्तम दाखला आहे.

मूळ विषयाकडे वळूं. दीड टनाचें यंत्र खोलींतून सुमारें सव्वापांच किलोवॅट उष्णता उचलतें, व त्यासाठीं स्वतः दीड-पावणेदोन किलोवॅट वीज घेतें. ही वीजही अखेर उष्णताच होते आणि तीही पाठीमागूनच बाहेर पडते. म्हणजे पाठीमागें एकंदर सात किलोवॅट! हजार हजार वॅटच्या सात शेगड्या एका अरुंद बोळांत पेटवून ठेवल्या, तर तेथें काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी. विद्यार्थ्यांनीं एक उष्णतामापक अंगणांतील कडुनिंबाच्या सावलींत धरला, त्यानें 42 अंश दाखविले. दुसरा बोळांत टांगला, तो 53 वर गेला. बोळावर पत्रे, एका टोकास बंद दार, दुसऱ्या टोकास ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. आपणच ओकलेली तापलेली हवा यंत्र पुन्हां पुन्हां पोटांत घेत होतें. कॉम्प्रेसर भलताच तापला कीं त्याची संरक्षक कळ वीज तोडी, थोडें निवल्यावर तो पुन्हां सुरू होई. खोली मात्र 35 अंशांच्या खालीं उतरेना. ऊन टळावें म्हणून आम्हीं वाराच तोडला होता.

दुसरा दोष भिंतीचा होता, आणि तो समजण्यास यंत्राचे प्रकार ठाऊक असले पाहिजेत. एका प्रकारांत आंतील भाग खोलींत आणि कॉम्प्रेसर बाहेर असतो, व दोहोंना तांब्याच्या नळ्या जोडतात. त्यास स्प्लिट म्हणतात. दुसऱ्या प्रकारांत सर्व अवयव एकाच पेटींत असतात. तिचें तोंड खोलींत व पाठ बाहेर. ही एकसंध पेटी स्वस्त पडते, नळ्यांचे सांधे कारखान्यांतच पक्के झालेले असल्यामुळें गळती कमी होते, आणि दुरुस्तीस ती सबंध उचलून नेतां येते. तिचा आवाज मात्र झोपणाऱ्याच्या कानाशीं राहतो. परदेशांत हॉटेलांच्या व दवाखान्यांच्या खोल्यांस भिंत बांधतांनाच पत्र्याची एक चौकट ठेवितात व तींत ही पेटी सरकवितात. अशा खास भिंतीच्या पेटीस कुशीला झरोके नसतात. ती पाठीनेंच हवा घेते व पाठीनेंच सोडते. आपल्याकडे भिंतीस भोक पाडून बसवितात ती पेटी बहुधा खिडकीसाठीं केलेली असते. तिच्या दोन्ही कुशींस झरोके असतात, त्यांतून ती बाहेरची हवा ओढते. नऊ इंची विटेच्या भिंतींत ती बसविली तर झरोके भिंतीबाहेर राहतात व कांहीं बिघडत नाहीं. पण घनसावंगीचें तें घर जुनें, दगडमातीच्या दोन फूट रुंद भिंतींचें. पेटीच्या कुशी त्या भिंतींत गाडल्या गेल्या होत्या. म्हणजे तिचें नाकच आम्हीं मातीनें बुजविलें होतें. विकत घेण्यापूर्वीं झरोके कोठें आहेत तें पाहावें आणि आपल्या भिंतीची रुंदी मोजावी, एवढी साधी गोष्ट आमच्या नकाशांत नव्हती.

उपाय दोन दिवसांत झाला. परसाकडील उत्तरेच्या भिंतींत नवें भोक पाडलें, तें बाहेरच्या बाजूस नरसाळ्यासारखें रुंद केलें, आणि लोखंडी चौकटीवर पेटी इतकी मागें सरकविली कीं झरोके उघड्यावर यावे. वर पत्र्याचा लहान छज्जा, पण तो पाठीस न चिकटतां हातभर उंच. पेटीस बाहेरच्या बाजूस बोटभर उतार दिला. कारण हवेंतील वाफ आंतील वेटोळ्यावर दंवासारखी साचते, तें पाणी बाहेर गेलें पाहिजे. सभोंवतालच्या फटी बुजविल्या. सायंकाळीं मोटारी सुरू झाल्या कीं विजेचा दाब उतरतो व कॉम्प्रेसर कण्हूं लागतो, म्हणून एक स्टॅबिलायझरही घेतला. तासाभरांत खोली 28 अंशांवर आली.

त्याच दुपारीं मुलांनीं आणखी एक प्रयोग केला. एका उष्णतामापकाच्या फुग्यास मलमलीची ओली चिंधी गुंडाळून त्यास पंख्यानें वारा घातला. कोरडा उष्णतामापक 42 वर असतांना ओला 23 पर्यंत उतरला! एकोणीस अंशांचा हा फरक म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्याची खरी ओळख. आपली हवा तापलेली असते तशीच ती तहानलेलीही असते. पाणी दिसलें कीं तें पिऊन टाकते, आणि पितांना गार होते. वाळ्याचे ओले पडदे दारास लावीत तें याचसाठीं, आणि गवताच्या ताट्यांवर पाणी सोडणारा कूलर म्हणजे त्याच पडद्यास पंखा व पंप जोडलेला आहे. चांगला कूलर या फरकाचा तीन चतुर्थांश पल्ला गांठतो, म्हणजे 42 अंशांची हवा 28 पर्यंत आणून देतो. आणि वीज खातो दोनशें वॅटच्या आसपास, यंत्राच्या एक अष्टमांश! एक लिटर पाणी उडतांना सुमारें दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता नेतें. तासाला सहा लिटर उडालें तर चार किलोवॅटचें काम झालें.

मुंबईंत हा प्रकार चालत नाहीं. तेथें मे महिन्यांत पारा 34 वरच असतो, पण आर्द्रता 65 टक्के असली तर ओला उष्णतामापक 28 च्या खालीं उतरत नाहीं. कूलर लावला तर खोली गार न होतां दमट मात्र होते. तेथें यंत्रच हवें, कारण तें हवेंतील पाणीही काढून टाकतें. मुंबईच्या रस्त्यांवर या पेट्यांखालून चालणाऱ्यांच्या डोक्यावर जे थेंब पडतात ते त्याचेच. हें यंत्र जन्मास आलें तेंच मुळीं दमटपणाच्या निवारणासाठीं. 1902 सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगून रंग जागचे सरकत, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरानें हवेंतील पाणी आटोक्यांत ठेवण्याची योजना आंखली. माणसांच्या सुखाचा विचार मागाहून आला. मुंबईंत 1933 सालीं उघडलेलें रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होतें, व पुढें 1943 सालीं ब्लू स्टार आणि 1954 सालीं व्होल्टास या कंपन्या त्याच शहरांत निघाल्या. म्हणजे समुद्रकांठच्या गरजेची ही वस्तु आपण गोदाकांठच्या कोरड्या मुलखांत आणतों आहों, हें ध्यानांत ठेवून तिचा हिशेब करावा.

मग आजींस कूलरच कां पुरला नसता? हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें तेथेंच विचारला, व तो योग्य होता. कूलरला दोन गोष्टी लागतात: ओली हवा निघून जाण्यास समोर उघडी खिडकी, आणि पाणी. आजींच्या खोलीस एकच दार. आणि ज्येष्ठाच्या तोंडाशीं त्या आळींत पाणी टँकरचें. आठ तासांस सुमारें पन्नास लिटर, म्हणजे तीन-चार घागरी, रोज हवेंत उडवावयाच्या कीं नाहीं, हें ज्याच्या डोक्यावर घागर असते तिनेंच ठरवावें. शिवाय मृगाचा पाऊस पडून हवा दमटली कीं कूलरचा जोर सरतो. म्हणून आमचें मत असें कीं त्या एका खोलीस यंत्र योग्य, व ओसरीस कूलर. दोन्ही एकाच खोलींत मात्र कधीं लावूं नयेत. कांहीं घरीं आम्हीं तसें पाहिलें आहे. कूलर हवेंत पाणी घालतो, यंत्र तेंच पाणी वीज खर्चून काढीत बसतें. एकास खिडकी उघडी हवी, दुसऱ्यास बंद. एकाच गाडीस दोन्ही टोकांस बैल जुंपल्यासारखें तें होय.

यंत्राचें ओझें हलकें करण्याचा खरा उपाय डोक्यावर असतो. पूर्वीं त्या घरास माळवद होतें. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचें ऊन त्या थरांतून आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई. पंधरा वर्षांपूर्वीं माळवद काढून स्लॅब घातला. त्याची जाडी जेमतेम चार-पांच इंच, आणि तो दिवसभर तापून रात्रीं खोलीवर उष्णता ओततो. माळवदास दर वर्षीं माती घालावी लागे, तें गळे, त्यांत विंचू निघत, हें खरें, व कोणास पुन्हां माळवद घाला असें आम्ही म्हणणार नाहीं. पण स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर ऊन बरेंचसें परत फिरतें, आणि त्यास खर्च नाममात्र येतो.

कळ किती अंशांवर ठेवावी, हा प्रश्न सर्वच विचारतात. 16 वर ठेवल्यानें खोली लवकर गार होते ही भ्रांति आहे. साध्या यंत्राचा कॉम्प्रेसर कोणत्याही आंकड्यावर तितक्याच जोरानें चालतो, फक्त थांबतो उशिरां. तारांकित यंत्रें 1 जानेवारी 2020 पासून कारखान्यांतून 24 अंशांवर लावूनच येतात. वृद्धांस आमच्या मतें 26 किंवा 27 अंश आणि वर हळू फिरणारा पंखा हेंच मानवतें. बाहेरील 42 अंशांतून एकदम 18 मध्यें शिरणें हितावह नाहीं. तसेंच, हवा अंगाच्या कातडीहून अधिक तापली म्हणजे नुसता पंखा उष्णताच अंगावर आणतो. तरुणास घाम येऊन तो निभावतो. म्हाताऱ्या माणसास घाम कमी येतो, तहानही कमी लागते, आणि म्हणूनच पंख्याखालीं निवांत निजलेल्या आजींस ऊन लागलें होतें.

वायूविषयीं दोन शब्द. जुन्या यंत्रांतील आर-22 वायु वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोनचा नाश करतो, म्हणून 1987 च्या माँट्रिअल करारान्वयें तो हळूहळू बंद करण्यांत येत आहे. आर-32 ओझोनला अपाय करीत नाहीं. पण मोकळा सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक शेंपट उष्णता पृथ्वीवर कोंडून धरतो. आर-290 हा तर प्रोपेनच, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांत असतो तो. पृथ्वीस तो फारसा बाधक नाहीं, परंतु ज्वालाग्राही आहे. पेटीवरील पट्टी वाचून घ्यावी, आणि हा आंकडा दिसल्यास अनाडी माणसास नळी तापवूं देऊं नये.

आजी आतां दुपारीं एक ते चार त्या खोलींत पडतात. आवाजाची त्यांची तक्रार आहे, व रात्रीं त्या हट्टानें अंगणांतल्या बाजेवरच निजतात. त्या वेळीं अंगण खोलीहून गार असतें, तेव्हां त्यांचें म्हणणें बरोबरच आहे. बोळाच्या भिंतींतील जुनें भोक बापलेकांनीं मातीनें बुजविलें. त्या व्यर्थ गेलेल्या मजुरीचे पैसे आम्हीं देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. उलट निघतांना मोसंबीची एक पिशवी आमच्या हातीं ठेविली, ती मुलांनीं वाटेंतच संपविली.